त्या दिवसाच्या जबड्याचा नकाशा

आत्या,

तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. दुपारी वाचता वाचता डोळा लागला की तू येतेस. बोलत नाहीस, काही मागत नाहीस, नुसती खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे पाहत असतेस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहते आणि स्वप्नातच मला कळतं की हा तुझा नाही. तुझा पहिला चेहरा मला पाठ आहे. शेवटच्या वर्षभरातला दुसराही आहे, हनुवटी डावीकडे घसरलेली, त्या बाजूचा गाल आत गेलेला. स्वप्नातला तिसराच असतो. दोन्ही बाजूंनी सारखा, शांत, जरासा निळसर. तो नागपूरच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या पडद्यावर तयार झाला होता. तुला मिळायचा होता, मिळाला नाही.

का मिळाला नाही, यावर आपण दोघी कधी बोललो नाही. बाकी सगळ्यावर भांडलो. तुझ्या त्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर तर मी नववीत असल्यापासून भांडत होते. पंचायत समितीच्या त्या टेबलाशी बसून, डाव्या गालात खर्रा धरून, तू फायलींवर शेरे मारायचीस आणि फायलीखाली ठेवलेल्या कोऱ्या कागदावर पत्रक लिहायचीस. मी म्हणायचे, सगळ्या जगाविरुद्ध पत्रकं काढतेस, या खर्ऱ्याच्या पन्नीविरुद्ध एक काढ. तू म्हणायचीस, "तेवढं एक सोड मले." आपल्या आर्णीत कोणती बाई हे उघड खाते? तू खायचीस. लपवणं तुला जमायचं नाही, आणि त्या उघडपणाचाही मला लहानपणी अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना हात थांबतो.

पहिल्यांदा मला शंका आली ती गुपचूपच्या ठेल्यावर. तू गुपचूपची पाणीभरली पुरी तोंडात टाकायच्या आधी प्लेटमध्ये फोडायला लागली होतीस. आख्खी जात नव्हती. तोंड तेवढं उघडतच नव्हतं. मी विचारलं तर म्हणालीस की साडीवर पाणी सांडते म्हणून. चार महिन्यांनी गालाच्या आतली जखम हिरडीत उतरली, दात हलले, आणि यवतमाळहून आपल्याला नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या त्या खोलीत तुला पुन्हा एकदा नेते. मी रोज जाते तिथे, तूही ये.

एसीचा गारठा होता, पडदे ओढलेले. प्रफुल्ल नावाचा इंजिनिअर होता, टक्कल पडायला लागलेला, नेरचा. तू आर्णी म्हणालीस तेव्हा त्याचा चेहरा खुलला आणि तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून नेरच्या बाजाराबद्दल बोलत बसलात, जणू आपण त्याच्याकडे पाहुण्या म्हणून आलो होतो. मग तो म्हणाला, "मावशी, आता तुमच्या तोंडात जातो बरं का." तू म्हणालीस, "जा. पन चपला बाहीर काढ."

त्याने पडद्यावर तुझ्या स्कॅनवरची कातडी उतरवली, मग मांस, आणि काळ्या अंधारात तुझा जबडा एकटाच तरंगत राहिला. हळूहळू फिरत होता. मी तुझ्याकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं. ज्या तोंडातून मी जगातला पहिला शब्द ऐकला त्याचं हाड इतकं लहान, इतकं देखणं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. डावीकडे लाल रंग होता, ती गाठ. तू म्हणालीस, "एवढंसं?" तो म्हणाला की दिसतं एवढंसं, पण आजूबाजूचंही घ्यावं लागतं. त्याने दोन ठिकाणी रेघ मारली आणि मधलं हाड काढून टाकलं. तिथे पोकळी झाली. तू नकळत गालाला हात लावलास.

मग त्याने तुझी चांगली, उजवी बाजू उचलली, आरशातल्यासारखी उलटी केली आणि डाव्या पोकळीवर निळ्या सावलीसारखी ठेवली. ही खूण, म्हणाला, आता हाड या सावलीत बसवायचं. हाड कुठलं, तर तुझ्याच पोटरीतलं, नडगीशेजारचं बारीक. त्याचाही स्कॅन होताच. काठीसारखं ते हाड त्याने तीन तुकडे करून, कोन बदलत बदलत, सावलीत बसवलं. बांगडीचा अर्धा वळसा जुळावा तसं ते जुळलं. याच मापाचे प्लास्टिकचे साचे छापायचे, ते ऑपरेशनच्या वेळी हाडावर बसवायचे, आणि करवत साच्याच्या फटीतूनच फिरवायची, म्हणजे पडद्यावर झालं तसंच टेबलावर होणार. धातूची पट्टीसुद्धा आधीच वाकवून ठेवायची.

"हे हाड नसलं तरी मानूस चालते, मावशी."

"मंग देवानं दिलं कायले?"

"तुमच्यासाठी असन."

तू हसली नाहीस. देव या विषयावर तू कुणालाही मोकळं सोडत नसायचीस, त्याला सोडलंस. बराच वेळ तो फिरता जबडा पाहत राहिलीस आणि मग तुझा एकच प्रश्न विचारलास. "बोलता येईन का?"

त्याने थट्टा थांबवली. हाडाचं मी सांगू शकतो, जिभेचं डॉक्टर सांगतील, म्हणाला. लाल रंग अजून जिभेपर्यंत गेलेला नाही. "आज तरी नाई."

डॉक्टर मॅडमनी तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. हा नकाशा आजच्या जबड्याचा आहे. दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर साचे बसतील, जीभ वाचेल, तुमचं बोलणं बरंचसं परत येईल. गाठ थांबत नसते. उशीर झाला तर नवीन स्कॅन, नवीन साचे, आणि त्यातही दिवस जातात. तारीख मिळाली सतराव्या दिवसाची. आपण खूश होऊन परतलो. कुठल्यातरी गाडीत उभ्याने आलो यवतमाळपर्यंत, आणि तू सगळ्या रस्त्यात बोलत होतीस. जणू साठा करून ठेवत होतीस.

तुझं बोलणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी बोरी अरबच्या बाजारात ऐकलं त्यांनाच ठाऊक. मी सात वर्षांची असेन. तू उपड्या क्रेटवर उभी राहायचीस आणि पत्रक मोठ्याने वाचायचीस, कारण ज्यांच्यासाठी ते लिहिलेलं असायचं त्यातल्या अर्ध्या बायांना वाचता येत नव्हतं. अंगणवाडीच्या बाया, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या, दवाखान्यातल्या झाडूवाल्या. माईक नसायचा. भाजीवाले आपली हाळी थांबवायचे. मी खाली उभी राहून ती वाटायचे, आणि घरी येऊन उरलेली पत्रकं जोडून जोडून वाचायचे. मला बाराखडी शाळेने शिकवली असेल, वाचायला त्या गुलाबी कागदांनी शिकवलं. मी पहिली सलग वाचलेली ओळ तुझी होती. "रांगेतल्या माणसाला ओळख विचारू नका, नंबर विचारा."

त्या ओळीवर मी वाढले. कॉलेजात मी लिहायला लागले तेव्हा तू माझी विशेषणं खोडायचीस. म्हणायचीस, नळावर उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे बाईला, हंडा भरायच्या आत संपलं पाहिजे. मी चिडायचे. पण रांगेवरून आपलं कधी भांडण झालं नाही. दाखला असो, रेशन असो, बदली असो, आमदारसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन शिफारशीचं पत्र आणायचं नाही. आर्णीत सगळेच आणतात. बंगल्याच्या ओसरीवर सकाळी बाकडी भरलेली असतात. पत्र मागणारा लहान होतो आणि देणारा मोठा, आणि मागे राहिलेल्याचा नंबर आणखी मागे जातो, असं तूच लिहिलं होतंस. तीन वेगवेगळ्या पत्रकांत.

सोळाव्या दिवशी फोन आला की तारीख पुढे गेली. पाच आठवडे.

फोनवरच्या बाईचा आवाज दमलेला होता, तिचा दोष नव्हता. पण मला आजही राग येतो, आत्या, आणि तो राग मी स्वप्नात विरघळू देणार नाही. ज्या खोलीत मिलिमीटर मोजला जातो, तिच्या शेजारच्या खोलीत तारीख ओळखीवर हलते. एवढं सगळं शिकून आपण माणसाला पुन्हा बाकड्यावर आणून बसवलं. हा राग खरा आहे. पण त्या रागाने मी जे केलं, ते आता लिहिते.

दोन दिवसांनी साहेबांचा माणूस, गजूभाऊ, आपल्या दारात आला. तू त्याच्या साहेबांवर इतकी वर्षं लिहिलं होतंस, तरी तो आला. चप्पल दाराबाहेर ठेवून उभा राहिला. म्हणाला, ताईंचं समजलं. साहेबांनी स्वतःहून सांगितलं आहे, पत्र तयार करू, ताईंनी फक्त बंगल्यावर येऊन सही केलेला अर्ज द्यावा, पुढच्या आठवड्यात तारीख लागेल. तू आतल्या खोलीत होतीस. मी तुला हाक मारली नाही. मी म्हणाले, आम्हाला पत्र नको, आमचा नंबर लागेल तेव्हा लागेल. आतल्या पडद्याकडे त्याने एकदा पाहिलं, आणि तो गेला.

मी आत आले तेव्हा तू पलंगाच्या कडेवर बसली होतीस. इस्त्रीची निळी साडी नेसून, केस विंचरून, मांडीवर पर्स. इतक्या थोड्या वेळात तू तयार झाली होतीस.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाई. असंच."

मला कळलं नाही असं मी लोकांना सांगेन, तुला नाही. मला कळलं. मी कपाटातून तुझं पत्रक काढलं आणि तुझ्यासमोर उभी राहून ती ओळ वाचली. बाजारात वाचायचीस तशीच, मोठ्याने. मग विचारलं, ही कोणाची आहे?

"माहीच व्हय," तू म्हणालीस. पर्स बाजूला ठेवलीस. आणि माझ्याकडे न पाहता, "लिहिलं तवा जबडा साबूत होता."

मी ते थट्टेवारी नेलं. तू भिऊन बसली होतीस आणि मी तुझी परीक्षा घेतली. तुझ्याच शब्दांत, म्हणजे तुला उत्तर देता येऊ नये. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू उठून साडी बदललीस, आणि जुनी नेसून भाजी निवडायला बसलीस.

पाच आठवडे आपण वाट पाहिली. गालाबाहेर सूज दिसायला लागली. तुझं 'र' जड झालं. मग एक दिवस तू 'ळ' म्हणायचं टाळायला लागलीस, केळी म्हणायच्या ऐवजी 'थे पिवळं' म्हणायला जाऊन तिथेही अडकलीस, आणि आपण दोघी हसलो. हसलो, आत्या. त्या हसण्याचं काय करू मी?

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी डॉक्टर मॅडम मधेच बाहेर आल्या. टोपी, मास्क खाली ओढलेला. म्हणाल्या, गाठ साच्याच्या पुढे गेली आहे. ठरवलेल्या रेषेवर कापलं तर आजार आत राहील. साचे बाजूला ठेवते आहे, नजरेने जाते आहे, जिभेचाही भाग घ्यावा लागेल. माझी सही घेतली. मी सही केली तेव्हा मला त्या निळ्या सावलीचीच आठवण झाली. कुठेतरी ती अजून तशीच, काळ्या अंधारात फिरत असेल, पुरी, जुळलेली, आणि आत तुझ्यावर करवत दुसरीकडून फिरत होती.

नंतर मी मॅडमना विचारलं, पाच आठवडे आधी झालं असतं तर? त्या म्हणाल्या, छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कदाचित साचे बसले असते, कदाचित जीभ राहिली असती. गाठ परत आलीच नसती असं तर कोणीच म्हणू शकत नाही. त्या प्रामाणिक आहेत. मी त्या 'कदाचित'मध्ये राहते.

तू मात्र जगलीस. पोटरीतलं हाड काढलेलं, तरी सहा आठवड्यांनी लंगडत का होईना चालायला लागलीस. आरसा पाहून वहीत लिहिलंस, "बरं झालं. आता फोटोत हसायची कटकट नाही." शब्द फुटायचे नाहीत, नुसता आवाज यायचा, वाऱ्यासारखा, आणि त्या आवाजात मला तुझा सूर ओळखू यायचा. तू माझी विशेषणं खोडत राहिलीस. वरणभात कुस्करून खाताना पेपर वाचून समासात शिव्या लिहायचीस. तुझ्या त्या वह्या सात भरल्या. मी सगळ्या वाचल्या. त्यात सगळं आहे. निळी साडी नाही.

मग गाठ मानेत परत आली, आणि तू गेलीस.

तू सांगितलं होतंस तसं काही विधी केले नाहीत. बाया आल्या, बोरीहून, तांड्यांवरून. आणि गजूभाऊ आला. मला वाटलं, आता टोमणा मारणार. तो म्हणाला, "ताई येत होत्या बंगल्यावर." मला समजेना. मग त्याने सांगितलं. ऑपरेशननंतर तू तीनदा गेली होतीस. तोंडाला रुमाल बांधून, पाय ओढत, दुसऱ्यांना घेऊन. बाकड्यावर बसून राहायचीस, नंबर आला की अर्ज पुढे करायचीस. बोलता येत नव्हतं म्हणून चिठ्ठी द्यायचीस. एकदा साहेबांनी विचारलं, तुमच्यासाठी काही? तू मान हलवलीस. तीन माणसांच्या तारखा तू हलवल्यास. मला कळू दिलं नाहीस. घरी येऊन माझ्या लेखातली विशेषणं खोडत बसलीस.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. ओळ खोटी होती का? नव्हती. तू ती मागे घेतलीस का? नाही, शेवटच्या वहीतही तू शिफारशीविरुद्ध पत्रकाचा मसुदा लिहिला आहेस, चांगला कडक आहे. मग दोन्ही एकदम कसं करत होतीस? आणि केलंस तर मला का सांगितलं नाहीस? मी पुन्हा पत्रक काढून वाचेन म्हणून? तेवढी भीती तुला माझी होती? याचं उत्तर मला कोण देणार? स्वप्नात तू खिडकीशी उभी असतेस, तुझा तो सुरेख चेहरा घेऊन, आणि त्या चेहऱ्याला बोलता येतं हे मला माहीत असतं, तरी तू बोलत नाहीस.

परवा सकाळी आठ वाजता सखूबाई आली. आर्णीच्या अलीकडच्या तांड्यावरची. तिला तू गेल्याचं कळलं नव्हतं. दारातच म्हणाली, याडी कुठं हाय, आज बंगल्यावर जायाचं होतं. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई, हे मला तूच सांगितलं होतंस. तुला कोणी तसं म्हणतं हे नव्हतं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या जबड्याचं तेच. त्याच खोलीत स्कॅन झाला, प्रफुल्लने हाडं जुळवून दाखवली, साचे छापून तयार आहेत, आणि तारीख महिनाभर पुढे गेली. तिने पिशवीतून कागद काढले. सगळ्यात वर तुझ्या अक्षरातला अर्ज होता, तारीख हलली तर म्हणून आधीच लिहून दिलेला, फक्त तारखेची जागा कोरी.

मी तिला सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात धरून रडली. मग पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, "मंग आता कसं करू बाई?"

मी पेन घेतला, तारीख घातली आणि तिच्याबरोबर निघाले. बंगल्याच्या ओसरीवर बाकडी भरलेली होती. आम्ही शेवटच्या बाकड्यावर बसलो. मला ओळखणारे दोघं-तिघं होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बसून राहण्यात किती अपमान असतो हे तू लिहिलं होतंस, ते खरं आहे. पण शेजारी बसलेल्याचा गुडघा भीतीने हलत असेल तर तो अपमान कुठे जातो, हे तू लिहिलं नव्हतंस.

आमचा नंबर आला. गजूभाऊने अर्ज घेतला, अक्षर पाहिलं, आणि माझ्याकडे वर पाहिलं. टोमणा नव्हता, तो खरोखर विचारत होता. "तुम्ही तर त्या दिवशी नाही म्हणाल्या होत्या ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्याने शिक्का मारला आणि कागद सखूबाईच्या हातात दिला. येत्या गुरुवारची तारीख लागली आहे. मी जाणार आहे. त्यानंतर तुझा मसुदा छापायला देणार आहे, एकही ओळ न गाळता, आणि बोरीच्या बाजारात उभी राहून वाचणार आहे.

पण ते दोन शब्द, आत्या, मी पहिल्यांदा उच्चारले ते गजूभाऊसमोर. तू रोज माझ्यापासून दोन हातांवर बसून वरणभात कुस्करत होतीस, आणि ऐकू तर तुला शेवटपर्यंत नीट येत होतं.